विश्लेषण : मुंबई दूरदर्शनचा इतिहास नेमका कुठे ठेवला आहे?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीत सुरू झाले. २०२२ मध्ये त्याने पन्नाशी पूर्ण केली, तेव्हा जुन्या निवेदकांच्या मुलाखती झाल्या आणि ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘किलबिल’ ही नावे पुन्हा सर्वांच्या तोंडी आली. या केंद्राबद्दल मराठी माणसाकडे आठवणींचा तोटा नाही. मात्र या केंद्राने पाच दशकांत काय काय दाखवले, त्यातले किती शिल्लक आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि ते कोणाला पाहता येते, हे सांगणारी, सामान्य वाचकाला चाळता येईल अशी संपूर्ण सूची आजवर समोर आलेली नाही. लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या केंद्राचा इतिहास लोकांना पाहता येत नसेल, तर तो इतिहास आहे असे म्हणायचे कशाच्या आधारावर?

मुंबई केंद्राची सुरुवात कशी झाली?

भारतात दूरचित्रवाणीचे पहिले प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले. युनेस्कोच्या मदतीने सुरू झालेला तो प्रयोग होता. तिथे रोजचे प्रक्षेपण सुरू व्हायला १९६५ उजाडले. त्यानंतर आणखी सात वर्षे देशात दुसरे केंद्र नव्हते. ते मुंबईला मिळाले. पाठोपाठ १९७३ मध्ये श्रीनगर आणि अमृतसर, १९७५ मध्ये कोलकाता, मद्रास आणि लखनऊ या केंद्रांची भर पडली. त्या काळी ही सगळी केंद्रे आकाशवाणीचाच भाग होती. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पडद्यावर जाहिराती दिसू लागल्या होत्या.

केंद्र सुरू झाले ते वर्ष महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे होते. गावोगाव खडी फोडण्याची कामे निघाली होती आणि मुंबईत टीव्ही संच ही श्रीमंतांच्या घरातली वस्तू होती. संच बाळगायला रेडिओसारखाच परवाना लागे आणि त्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागे. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडात टीव्ही असे आणि रविवारच्या चित्रपटाला सगळा मजला त्या खोलीत जमे. प्रक्षेपण संध्याकाळचे काही तास, तेही कृष्णधवल. तरीही दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून ठरलेल्या होत्या. कार्यक्रम इथेच तयार होणार होते आणि ते इथल्या माणसांसाठी असणार होते.

दूरचित्रवाणीचे काम येणारी माणसे तेव्हा देशातच फारशी नव्हती. त्यामुळे केंद्रात माणसे आली ती आकाशवाणीतून, रंगभूमीवरून, वृत्तपत्रांतून आणि महाविद्यालयांतून. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण १९७४ पासून मिळू लागले, म्हणजे पहिली तुकडी काम करता करताच शिकली. डॉ. विश्वास मेहेंदळे, प्रदीप भिडे यांचे बातम्या देणारे आवाज घराघरांत ओळखीचे झाले. भक्ती बर्वे निवेदिका म्हणून दिसल्या. स्मिता पाटील याच केंद्रावर बातम्या वाचत होत्या आणि श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते त्या बातम्यांमुळे. विनायक चासकर, सुहासिनी मुळगावकर, याकूब सईद अशा निर्मात्यांनी कार्यक्रमांना आकार दिला.

‘स्थानिक केंद्र’ म्हणजे नेमके काय होते?

स्थानिक म्हणजे फक्त मराठीत बोलणारे, असा अर्थ आज लावला जातो. सत्तरच्या दशकातल्या मुंबई केंद्राचा अर्थ त्याहून मोठा होता. ते एका बहुभाषक शहराचे केंद्र होते. मराठीबरोबर गुजराती ‘आवो मारी साथे’ होते, हिंदीत तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ होता, इंग्रजीत साबिरा मर्चंट यांचा शब्दखेळ होता. एकाच वाहिनीवर, एकाच संध्याकाळी, गिरगावचे आणि घाटकोपरचे घर एकमेकांची भाषा ऐकत होते. कोणाला आवडो न आवडो, पुढचा कार्यक्रम लागेपर्यंत आधीचा पाहावा लागे.

मराठी कार्यक्रमांची यादी पाहिली तरी समाजाचा केवढा पट त्यात होता, हे लक्षात येते. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, कामगारांसाठी ‘कामगार विश्व’, तरुणांसाठी ‘युवदर्शन’, मुलांसाठी ‘किलबिल’, गृहिणींसाठी ‘सुंदर माझं घर’, लेखक-कलावंतांच्या भेटीसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ज्ञानविस्तारासाठी ‘ज्ञानदीप’ आणि हसण्यासाठी ‘गजरा’. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी याच पडद्यावर चेहरे दिले. आठवडाभरात काय दिसणार हे सांगणारी ‘साप्ताहिकी’सुद्धा लोक कार्यक्रम म्हणून पाहत.

या यादीला एक तर्क होता. प्रेक्षक हा ग्राहक आहे, हे गृहीतक तेव्हा नव्हते. तो शेतकरी, कामगार, विद्यार्थी, वाचक असतो आणि त्या त्या नात्याने त्याच्याशी बोलायचे असते, असे केंद्र मानत होते. त्यात उपदेशाचा सूर होता, सरकारी कंटाळाही होता आणि सरकारला न रुचणारे फारसे काही दिसत नसे, हेही खरे. आणीबाणीत तर सगळीच सरकारी माध्यमे सरकारची झाली होती. पण शेतकऱ्याने आठवड्याच्या ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसावे आणि पडद्यावर त्याच्यासारखाच माणूस त्याच्यासारख्याच बोलीत पिकाबद्दल बोलताना दिसावा, ही गोष्ट पुढच्या काळात पुन्हा इतक्या सहज घडली नाही.

मुंबईचे चित्र पुण्याला कसे पोहोचले?

जुन्या पद्धतीचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण बहुतांश सरळ रेषेत जाते. मनोरा जितका उंच तितके दूर दिसते, मध्ये डोंगर आला की चित्र अडते. वरळीचा मनोरा त्यासाठीच सुमारे ३०० मीटर उंच उभारला गेला. पण मुंबई आणि देश यांच्यामध्ये घाट उभा आहे. म्हणून १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र सुरू झाले. समुद्रसपाटीपासून १,३०० मीटर उंचीवरच्या त्या गडावरून मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे वळवले गेले. महाराष्ट्राच्या बहुतांश भागाला मात्र पुढची दहा वर्षे टीव्ही दिसलाच नाही. ज्या डोंगररांगेने लहरी अडवल्या, तिचेच नाव पुढे या वाहिनीला मिळाले.

याच काळात शेजारच्या गुजरातमध्ये वेगळा प्रयोग झाला. खेडा जिल्ह्यातील पीज या गावी ‘इस्रो’ने १९७५ पासून एक छोटे प्रक्षेपण केंद्र चालवले. सुमारे ४०० गावांतल्या सार्वजनिक संचांवर तिथले कार्यक्रम दिसत. पाण्याचा प्रश्न, मजुरी, जातिभेद असे विषय गावकऱ्यांशी बोलून ठरवले जात आणि गावकरीच त्यात काम करत. १९८४ मध्ये या प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये तो गुंडाळला गेला. स्थानिक दूरचित्रवाणी चालू शकते हे भारताने स्वतःच सिद्ध केले आणि स्वतःच सोडून दिले, याचे हे ठळक उदाहरण.

स्थानिकपणा कधी आटला?

याचे खापर सहसा खासगी वाहिन्यांवर फोडले जाते. प्रत्यक्षात सुरुवात दहा वर्षे आधीच झाली. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या आणि रंगीत प्रक्षेपण आले. उपग्रहामुळे दिल्लीचे चित्र देशभर एकाच वेळी दाखवता येऊ लागले आणि रात्रीचा मोक्याचा वेळ प्रादेशिक केंद्रांच्या हातून गेला. १९८४ मध्ये जवळपास दिवसाला एक या वेगाने देशात कमी क्षमतेचे प्रक्षेपक उभे राहिले. महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी पहिल्यांदा टीव्ही पाहिला तो या प्रक्षेपकांमुळे. तिथे ‘टीव्ही आला’ याचा अर्थ मुख्यतः दिल्ली आली, असा झाला. ‘हम लोग’ नांदेडच्या खेड्यात पोहोचला, पण नांदेडचे खेडे पडद्यावर यायला तशी वाट नव्हती.

१९८५ मध्ये मुंबईत दुसरी वाहिनी सुरू झाली. तीही शहरापुरतीच होती. पुढे १९९३ मध्ये महानगरांच्या या दुसऱ्या वाहिन्या जोडून ‘मेट्रो’ झाली आणि २००३ मध्ये तिच्या जागी डीडी न्यूज आली. म्हणजे स्थानिक म्हणून सुरू झालेली गोष्ट राष्ट्रीय जाळ्यात विरून जाणे, हे दोनदा घडले. या धोक्याची सूचना कोणी दिली नव्हती असे नाही. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दिल्लीकेंद्री वृत्तीवर बोट ठेवले होते आणि केंद्रांना अधिक मोकळीक देण्याच्या बाजूने कौल दिला होता. त्याआधी बी. जी. वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वायत्त प्रसारण न्यासाची शिफारस केली होती. अहवाल आले आणि राहिले.

खासगी वाहिन्या आल्यावर काय झाले?

२ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई केंद्राला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, झी टीव्ही सुरू झाला. १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी आली, तिचे नामकरण २००० मध्ये ‘सह्याद्री’ असे झाले. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी आणि ९ जुलै २००० रोजी ई टीव्ही मराठी सुरू झाल्या. या दरम्यान मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून ओळखली जाणारी ‘दामिनी’ दूरदर्शनवरच गाजत होती. पण लेखक, नट, तंत्रज्ञ आणि जाहिरातदार हळूहळू दुसरीकडे गेले. त्यात चूक कोणाचीच नाही. ज्यांनी शिकवले त्यांच्याकडून शिकलेली माणसे घेऊनच खासगी मराठी वाहिन्या उभ्या राहिल्या.

कायद्याने दूरदर्शनला काही संरक्षण दिले. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा १९९५ नुसार केबलचालकांना दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे बंधनकारक आहे. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये झाला, पण महामंडळ प्रत्यक्षात यायला १९९७ उजाडले. २०२२ पर्यंत जुन्या पद्धतीचे भूप्रक्षेपण देशभर जवळपास थांबले. ज्या प्रक्षेपणासाठी वरळीचा मनोरा आणि सिंहगडावरचे केंद्र उभे राहिले, त्या पद्धतीचा काळ संपला. आता सह्याद्री वाहिनी उपग्रहावरून, केबलवरून, मासिक शुल्क नसलेल्या ‘फ्री डिश’वरून आणि मोबाइलवरून दिसते. म्हणजे ती पाहता न येण्याचे कारण उरलेले नाही, पाहण्याचे कारण मात्र तिला नव्याने द्यावे लागणार आहे. ते कारण तिच्या कपाटात आहे.

जुने कार्यक्रम गेले कुठे?

इथे तांत्रिक बाजू समजून घ्यायला हवी. सुरुवातीच्या काळात अनेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, त्यांची नोंदच झाली नाही. बातम्यांची दृश्ये १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित होत. जे ध्वनिचित्रमुद्रित होत, ते रुंद चुंबकीय फितींवर. या फिती परदेशातून आणाव्या लागत आणि परकीय चलनाची तेव्हा टंचाई होती. फीत पुसून तिच्यावर नवे मुद्रण करणे हा त्यामुळे रोजचा व्यवहार होता. पुनःप्रक्षेपणातून पैसे मिळतील, तीस वर्षांनी कोणी हे मागायला येईल, असे कोणाच्या मनातही नव्हते. गेल्या आठवड्याच्या नाटकावर या आठवड्याची चर्चा मुद्रित होत असे.

हे केवळ आपल्याकडे घडले नाही. बीबीसीने सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत असंख्य फिती पुसल्या आणि ‘डॉक्टर हू’सारख्या लोकप्रिय मालिकेचे अनेक भाग कायमचे गमावले. चंद्रावर माणूस उतरल्याच्या मूळ चुंबकीय फितीही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, अशी कबुली अमेरिकेच्या नासाला २००९ मध्ये द्यावी लागली. त्यामुळे सत्तरच्या दशकात वरळीत फिती पुसणाऱ्या कर्मचाऱ्यांना आज दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. चूक कळल्यावर बीबीसीने काय गमावले याची यादी केली. आपण ती केली का?

उरलेल्या फितींची घाई कशासाठी?

चुंबकीय फितीवर चित्र असते ते बारीक चुंबकीय कणांच्या रूपात, एका चिकट थराने प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेले. दमट हवेत तो थर चिघळतो, फीत यंत्राला चिकटते, कण निघून येतात. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात दमटपणा वेगळा सांगायला नको. दुसरी अडचण याहून मोठी आहे. या फिती वाचणारी यंत्रे आता बनत नाहीत. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ निवृत्त झाले आहेत. फीत चांगली असूनही ती लावायला यंत्र नाही, अशी वेळ जगभरच्या संग्रहालयांवर येत आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच २०२५ हे वर्ष अखेरची मुदत म्हणून जाहीर केले होते. युनेस्कोनेही २०१९ मध्ये चुंबकीय फितींबाबत जगभरातल्या संस्थांना सावध करणारा उपक्रम हाती घेतला. ती मुदत उलटली आहे. याचा अर्थ सगळे संपले असा नाही. पण आता प्रत्येक पावसाळ्यात काहीतरी कमी होणार, हे गृहीत धरून चालले पाहिजे.

आठवणी असताना फिती कशाला हव्यात?

कारण आठवण निवड करते. ती गाजलेले तेवढे ठेवते. ‘चिमणराव’ सर्वांना आठवतो, ‘कामगार विश्व’ फारसे कोणाला आठवत नाही. पण जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते आणि दूरदर्शनचा मनोरा त्या गिरणगावाला लागूनच उभा होता. त्या काळात कामगारांसाठीच्या कार्यक्रमात काय दाखवले गेले आणि काय दाखवले गेले नाही, हे दोन्ही इतिहासाला हवे आहे. १९७२ चा दुष्काळ, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा, १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे सगळे या केंद्राच्या हयातीत घडले. सरकारी केंद्राने ते कसे मांडले, हे सांगणारा पुरावा फितीच देऊ शकते.

भाषेच्या अंगानेही हाच मुद्दा आहे. ‘आमची माती आमची माणसं’मध्ये बोलणारे शेतकरी ज्या बोलीत बोलत, ती बोली तशी बोलणारी पिढी आता जवळपास गेली आहे. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’त येणाऱ्या लेखकांची पुस्तके ग्रंथालयात मिळतील. ते लेखक बोलताना कुठे थांबत, कशावर हसत, कोणता प्रश्न टाळत, हे पुस्तकात नाही. मराठी रंगभूमीवरच्या अनेक नटांचे ऐन भरातले काम चित्रपटात आले नाही. ते कुठे असेल तर दूरदर्शनच्या स्टुडिओत झालेल्या एखाद्या नाट्यप्रवेशात. अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला मिळाला. त्यासाठी दोन हजार वर्षांमागचे पुरावे शोधले गेले. पन्नास वर्षांमागचे पुरावे मात्र आपल्याच शहरात, आपल्याच पैशाने मुद्रित केलेल्या फितींवर आहेत.

या संग्रहावर हक्क कोणाचा?

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात स्पष्ट केले की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निकालात न्या. पी. बी. सावंत यांचा मोठा वाटा होता. लहरी लोकांच्या असतील, केंद्र परवाना शुल्क आणि करांतून चालले असेल, तर त्यातून तयार झालेल्या संग्रहावर लोकांचा नैतिक हक्क आहे, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही.

कायदेशीर बाजू थोडी गुंतागुंतीची आहे. प्रसारकाचा स्वतःच्या प्रसारणावरचा विशेष हक्क २५ वर्षे टिकतो. पण नाटक, संगीत, ध्वनिचित्रमुद्रण यांवरचे स्वामित्वहक्क त्याहून पुष्कळ काळ टिकतात आणि ते लेखक, संगीतकार, निर्माते अशा वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. त्या वेळच्या करारांत इंटरनेटचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून सगळे काही उद्या खुले करा, ही मागणी करता येणार नाही. मात्र सूची प्रसिद्ध करायला स्वामित्वहक्काचा कोणताही अडथळा नाही. कार्यक्रमाचे नाव, तारीख, निर्माता, सहभागी कलावंत आणि फितीची अवस्था, एवढी माहिती जाहीर करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. केंद्र सरकारच्या नियंत्रणाखालील महामंडळांनाही लागू असलेला सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ पासून अस्तित्वात आहे. अभिलेखांची नोंद ठेवणे आणि ते मनमानीने नष्ट न करणे हे त्याचे मूळ तत्त्व. प्रसारणाच्या फितींना ते निःसंदिग्धपणे लागू आहे, असे जाहीर करायला काय हरकत आहे?

दूरदर्शन काहीच करत नाही का?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रसार भारतीचा स्वतःचा संग्रह विभाग आहे, जुने कार्यक्रम यूट्यूबवर येतात, त्यांना प्रेक्षकही मिळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे प्रसार भारतीचे ओटीटी व्यासपीठ सुरू झाले, त्यावरही जुन्या कार्यक्रमांना जागा आहे. पण अपलोड करणे आणि जतन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपलोड करताना लोकप्रिय काय ते पाहिले जाते. जतन करताना आधी काय नष्ट होणार ते पाहावे लागते. यूट्यूबवरचा तुकडा कोणत्या तारखेचा, पूर्ण की अर्धा, मूळ फीत कुठे आहे, हे तिथे बहुधा कळत नाही. अभ्यासकाला ते संदर्भ म्हणून वापरता येत नाही आणि कलावंताच्या वारसांना आपल्या माणसाचे काम शोधता येत नाही.

पैशाचा आक्षेप येणारच. अंकीकरण खर्चीक आहे, हे खरे. पण सूची करणे तितके खर्चीक नाही आणि क्रम तिथूनच सुरू होतो. फ्रान्समध्ये १९७५ मध्ये राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्था स्थापन झाली. १९९२ मध्ये दूरचित्रवाणी कार्यक्रमांची प्रत तिथे जमा करणे कायद्याने बंधनकारक झाले आणि २००६ मध्ये संग्रहाचा मोठा भाग इंटरनेटवर लोकांसाठी खुला झाला. तीस वर्षांचे टप्प्याटप्प्याचे काम होते ते. आपण पहिला टप्पा तरी गाठावा.

आता करायचे काय?

पहिले, मुंबई केंद्राने आपल्याकडच्या फिती आणि फिल्म यांची सूची मराठीत प्रसिद्ध करावी. ती अपूर्ण असली तरी चालेल, गहाळ आहे तिथे ‘गहाळ’ असे लिहावे. दुसरे, अंकीकरणाचा क्रम लोकप्रियतेवर न ठरवता फितीच्या अवस्थेवर ठरवावा. तिसरे, घरोघरच्या मुद्रणांना आवाहन करावे. ऐंशीच्या दशकात ज्यांच्याकडे व्हीसीआर होता, त्यांनी दूरदर्शनवरचे कार्यक्रम मुद्रित करून ठेवले असणार. बीबीसीने २००१ मध्ये अशीच जाहीर शोधमोहीम काढली होती. माळ्यावरच्या कॅसेटचे मोल घरच्यांना ठाऊक नसते, आवाहन झाले तर कळेल. चौथे, ज्यांचे हक्क स्पष्ट नाहीत असे कार्यक्रम इंटरनेटवर टाकता आले नाहीत तरी विद्यापीठांत आणि मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत बसून पाहण्याची सोय करावी. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, फितींची निगा राखण्याचे ज्ञान त्याच शहरात उपलब्ध आहे. पाचवे, केंद्राचे निवृत्त निर्माते, कॅमेरामन, संकलक आणि ध्वनिमुद्रक यांच्याकडून कामाच्या नोंदी घ्याव्यात. कोणत्या डब्यात काय आहे, हे काही वेळा फक्त त्यांनाच ठाऊक असते. प्रदीप भिडे २०२२ च्या जूनमध्ये गेले, केंद्राच्या पन्नाशीला चार महिने बाकी असताना.

राज्य सरकारने यात हात झटकण्याचे कारण नाही. मराठी भाषेसाठी वेगळा विभाग आहे, साहित्य आणि संस्कृतीसाठी मंडळे आहेत. प्रसार भारती केंद्राची असली तरी संग्रह मराठीचा आहे. खर्चाचा वाटा उचलून सूचीची मागणी राज्याने करावी, हे वाजवी आहे. प्रेक्षकांनीही एवढे करावे, की पुढच्या वेळी ‘ते दिवस किती छान होते’ असे म्हणताना त्या दिवसांची फीत कुठे आहे, हाही प्रश्न विचारावा. माहिती अधिकाराचा एक अर्ज दहा रुपयांत होतो.